रंगनाथला मी मारलं, ती गोष्ट

मी आयुष्यात एकच माणूस मारला, आणि तोसुद्धा टेलिफोनवर. शिंगं फुटायचं वय होतं, मॅट्रिकला इंग्रजीत वर्गात पहिली आले होते, आणि आखातात दोह्याला येऊन महिनाही झाला नव्हता तोवर आपल्याला अरबीही येतं असा माझा समज झाला होता. येत होतं काय, तर ‘शुक्रन’ म्हणजे आभार आणि ‘यल्ला’ म्हणजे चला. एवढ्या भांडवलावर मी फोन उचलायला धावायचे. त्या दिवशी फोनवर कंपनीचा मंदूब होता. मंदूब म्हणजे कामगारांच्या पासपोर्ट-व्हिसाची कामं बघणारा माणूस. आप्पा घरी नाहीत म्हटल्यावर तो आपल्या बाजारी हिंदीत म्हणाला, “बाबा को बोलो, रंगनाथ खलास. आज तय्यारा.” आणि खाडकन फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून उभी. साखर खलास म्हणजे साखर संपली, पण माणूस खलास म्हणजे काय ते मराठीत शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ‘तयार’ काय ते मी माझ्याच अकलेनं जुळवलं. मयत तयार आहे, न्यायला या.

माझी धाकटी नात ही गोष्ट ऐकते तेव्हा डोळे फिरवून म्हणते, “आजी, यू वर सो डम्ब.” बरोबर आहे तिचं. पण डम्ब असायलाही वय लागतं, ते माझ्याकडे तेव्हा भरपूर होतं.

आम्ही फरीज बिन ओमरानमध्ये राहायचो, कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत. कंपनी अमेरिकन, पाइपलाइनच्या कामाची. नाव सांगत नाही, सांगून तरी कुणाला काय मिळणार आहे. आप्पा तिथे टाइमकीपर. घर कंपनीचं, घरातला पंखा कंपनीचा, फोन कंपनीचा, आणि आमचे तिघांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. आप्पा मुळात गप्पिष्ट माणूस, नाशिकला असताना पारावर बसले की उठायचे नाहीत. इथे आल्यावर त्यांचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. जेवताना कुणी कंपनीचं नाव काढलं की ते आधी खिडकीकडे बघायचे. “भिंतींना कान असतात,” ते म्हणायचे, “आणि ही भिंत आपली नाही.” गल्लीत कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला की आमच्याकडे तिघंही एकदम थांबायचे, तोंडात घास असला तर तोही थांबायचा. गाडी पुढे गेली की आई परत वाढायला लागायची. माझ्या आईला भीती वाटली की ती काहीतरी भाजायला घ्यायची. शेंगदाणे, रवा, भाजणीचं धान्य, जे हाताला लागेल ते. लोकांना भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वासानं भूक लागते. मी अजूनही खिडकीकडे बघते.

शुक्रवारी सुट्टी असली की उम्म सलाल मोहम्मदच्या बाजूच्या कामगारांच्या कॅम्पातून आपली चार माणसं आमच्याकडे जेवायला यायची. ड्रायव्हर दत्ताराम मालवणचा, तो तर रोज दुपारच्या आधी आप्पांचा डबा न्यायला यायचाच. आणि रंगनाथ लातूरकडचा. रंगनाथ ब्लास्टिंगवर होता. म्हणजे यंत्रानं वाळूचा फवारा मारून लोखंडी पाइपाचा गंज काढायचा, मग त्यावर रंग बसतो. दिवसभर वाळूच्या धुक्यात उभं राहायचं. तोंडावर घालायचे मुखवटे स्टोअरमध्ये होते, पण ते मोठे साहेब पाहणीला आले की वाटायचे आणि ते गेले की परत गोळा करायचे. एरवी रंगनाथ ओला पंचा नाकाला बांधायचा. आमच्याकडे आला की आई भारतातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि ठेचा करायची. तो पहिला घास घ्यायचा आणि खोकायला लागायचा. तो खोकला साधा नव्हता. आतून कुणीतरी खरवडतंय असा आवाज यायचा. तो बाहेर जाऊन भिंतीला धरून उभा राहायचा, आणि परत येऊन हसत म्हणायचा, “वैनी, ठेचा लई झनझनीत झालाय.” आईनं त्याच्यासाठी एक पितळी पेला वेगळा ठेवला होता. त्याला ते माहीत होतं. तो स्वतःच उठून फडताळातला बरोबर तोच पेला घ्यायचा.

आणि समोरच्या घरात डोरीन. कंपनीतले बाकीचे अमेरिकन साहेब अल दुहैलला कंपाउंडात राहायचे, भिंत, फाटक, आत हिरवळ. डोरीनचा नवरा नुसता वेल्डिंग तपासणारा, त्यामुळे त्यांना आमच्या गल्लीत टाकलं होतं. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून आप्पांनी मला तिच्याकडे सकाळी पाठवायला सुरुवात केली. मी तिच्या मुलीला खेळवायचं आणि ती माझ्याशी बोलणार. ती जे बोलायची त्याची आणि माझ्या क्रमिक पुस्तकातल्या इंग्रजीची कधी भेट झालेली नव्हती. शब्द ओढत, गिळत, नाकातून. मला वाटायचं बाई घरात विडा चघळते की काय.

माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे चॉकलेट आणि पोहण्याचे तलाव. पहिल्याच आठवड्यात तिनं मला तिच्या गावचा फोटो दाखवला. दोन डोंगरांच्या बेचक्यात लाकडी खोपटी, खाली काळ्या पाण्याचा ओढा, आणि अनवाणी पोरं, पोटं पुढे आलेली. मला वाटलं हा कुठल्यातरी दुष्काळाचा फोटो चुकून हाती आला. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, “व्हेरी नाइस.” ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिथे कोळशाची खाण होती. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, चर्चचं छप्परही कंपनीनं घातलेलं. आसपास दुसरं काही नाहीच, त्यामुळे जाणार कुठे. कोळसा निघून शहरांत दिवे लागायचे आणि हिच्या घरी कंदील. तिचा बाप खाणीत. रात्रभर उशाला थुंकायचा डबा घेऊन बसायचा, आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा. कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, सिगारेटी ओढून दमा झालाय. “माझा बाप तंबाखू चघळायचा,” डोरीन म्हणाली, “त्यानं जन्मात सिगारेट ओढली नाही. पण डॉक्टरनं एकदा सांगितलं की दमा, मग दमाच.” बाप गेला आणि त्याची माती होते न होते तोच दारात माणूस उभा. खूप सभ्य माणूस, हातात टोपी. म्हणाला, आम्हाला फार वाईट वाटतं, पण हे घर आता दुसऱ्या कामगाराला लागणार आहे. ती मक्याच्या पिठाची जाड पावासारखी भाकरी करायची आणि उकडलेल्या घेवड्याबरोबर, कच्चा कांदा फोडून, खायची. मी आईला येऊन सांगितलं, ही बाई थापा मारते, अमेरिकेत कुणी कांदा-भाकर खातं का. आई म्हणाली, “खात असतील गं. कंपनी सगळीकडे कंपनीच.” आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रंगनाथला कामावर असताना रक्ताची उलटी झाली. कंपनीच्या डॉक्टरची गाडी त्याला घेऊन गेली, आणि कुठे ठेवलाय ते कॅम्पात कुणालाच कळेना. आप्पांनी विचारलं तर साहेब म्हणाले, त्याला विडीमुळे दमा झालाय, काळजीचं कारण नाही. आप्पा घरी येऊन हे सांगताना आमच्या तोंडाकडे बघत नव्हते. रंगनाथ विडी ओढत नाही हे आम्हा तिघांना माहीत होतं. आईनं रवा काढला.

आणि मग तो फोन.

मी रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच दत्ताराम डब्यासाठी दारात. ‘खलास’ हा शब्द मला मेलेल्या माणसासाठी फार असभ्य वाटला. मी सुशिक्षित ना. म्हणून मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हटलं, “दत्तारामभाऊ, रंगनाथ गेले हो.” मंदूबाचा शब्द जसाच्या तसा सांगितला असता तर दत्तारामला चटकन कळलं असतं. तिथे मुरलेल्या कुणालाही कळलं असतं. पण मी त्याचं शुद्ध मराठी केलं.

“गो बाय, काय सांगतंस? गेलो?”

“ऑफिसातून फोन आला. मयत आज तयार आहे म्हणाले.”

दत्ताराम डबा न घेताच गेला.

पुढचं मला दत्तारामनं आणि आप्पांनी नंतर सांगितलं. कॅम्पात बातमी पोचली आणि मराठी मेसमधल्या आचाऱ्यानं एक शब्द न बोलता चुलीवर पाणी ओतलं. घरातलं माणूस गेलं की मयत उठेपर्यंत चूल पेटत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. रंगनाथच्या गावचा एक भाऊबंद होता, त्यानं वस्तरा मागवून मिशा उतरवल्या. माणसं मेसच्या पत्र्याखाली भुईवर बसली. त्यांना बसलेलं बघून मल्याळी आचाऱ्यानंही आपला स्टोव्ह बंद केला, मग पठाणांनी तंदूर झाकला. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला, कुणी उठलं नाही. कुणाच्या मनात संप नव्हता. ते सुतकात बसले होते. पण ऑफिसच्या खिडकीतून साहेबांना जे दिसलं ते एवढंच की शेकडो माणसं बसली आहेत आणि कामावर येत नाहीत. त्या देशात संप या शब्दाला काय शिक्षा होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. सायंकाळपर्यंत माणसं विमानात बसवून मोकळे होत.

आप्पांचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखू येईना. “कुंदा, मंदूब काय म्हणाला ते मला जसंच्या तसं सांग. तुझं काही घालू नको.”

मी सांगितलं.

“तय्यारा म्हणजे विमान, बाळ,” आप्पा म्हणाले. “त्याचा व्हिसा खलास झाला. त्याला आजच्या विमानानं घरी घालवतायत. जिवंत आहे तो.” मग म्हणाले, “बातमी कुणी उठवली ते साहेब विचारतायत. दार लावून घे.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दार लावलं आणि मोरीत जाऊन बसले. आईला सांगितलं तेव्हा तिनं कढई चढवली. सगळे शेंगदाणे एकदम ओतले, आणि ढवळायचं विसरली. करपल्याचा धूर गल्लीत गेला तेव्हा डोरीन समोरून धावत आली, तिला वाटलं आग लागली. मी रडत रडत, मराठी-इंग्रजीची खिचडी करून, सगळं सांगितलं. तिनं फक्त एकच विचारलं, “त्याला काय झालंय म्हणाले?”

“दमा. विडीमुळे.”

“आणि तो ओढतो?”

“नाही. तंबाखू मळतो.”

डोरीननं कडेवरची मुलगी माझ्या आईकडे दिली, किल्ल्या घेतल्या आणि मला म्हणाली, चल. मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, मलाही, गाडीत बस.

कॅम्पावर पोचलो तेव्हा कंपनीची पांढरी गाडी मेससमोर उभी होती. रंगनाथ मागच्या सीटवर, अंगात दुकानाच्या घड्या न मोडलेला नवा सदरा. माणसांची खात्री पटावी म्हणून विमानतळावर नेता नेता त्याला दाखवायला आणला होता, काच खाली करून, मिनिटभरासाठी. आणि माणसांना काय आनंद झाला. भाऊबंद आपल्या सफाचट ओठावर हात ठेवून हसत होता आणि रडत होता. “अरं रंग्या, माझ्या मिशा भरून दे,” तो म्हणत होता. रंगनाथला हसायचं होतं, पण त्याच्याकडे त्यापुरता श्वास नव्हता. त्याचे खांदे भात्यासारखे वरखाली होत होते. मोठे साहेब बाजूला उभे, अतिशय सभ्य माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. मंद हसून त्यांनी आप्पांना खूण केली. आप्पा म्हणाले, “चला, बघितलं ना? जिवंत आहे. घरी चाललाय. उठा आता.” आचाऱ्यानं खिशातून काडेपेटी काढली. आणि माझ्या लक्षात आलं की हे फार वाईट चाललंय. माणसं खूश होऊन उठली की गाडी जाणार. गाडी गेली की रंगनाथ विमानात, आणि मग तो कुठे कसा मेला ते इथे कुणाला कळणारही नाही. खोटा मेला तेव्हा तो वाचायची काही आशा होती. आता तो जिवंत निघाला होता.

डोरीन गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, दार उघडलं आणि रंगनाथच्या शेजारी जाऊन बसली.

साहेब वाकून हळूच म्हणाले, मॅडम, उतरता का. ती म्हणाली, मी इथे बरी आहे, आधी याला सरकारी इस्पितळात नेऊ, तिथे छातीचा फोटो काढू, मग तुम्हाला जिथे न्यायचंय तिथे न्या. साहेब म्हणाले, तुमच्या नवऱ्याच्या नोकरीचा विचार करा. तिनं समोर बघितलं. तिचा नवरा माणसांच्या मागे हेल्मेट हातात धरून उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, “सर, ती एकदा बसली की उठत नाही. मी लग्नापासून प्रयत्न करतोय.” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आपल्या माणसांना यातलं काही कळत नव्हतं. दत्ताराम माझ्याकडे वळला. “गो बाय, मडम काय म्हणता?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आप्पांनीही बघितलं, आणि मान इतकी थोडी हलवली की ती मलाच दिसावी. नको. मला आप्पांचा तो चेहरा अजून दिसतो. मला लघवीला लागली होती, हेही लिहून ठेवते, कारण शूर मुलींच्या गोष्टीत हे कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, “मॅडम म्हणतात, हा दमा नाही. हा वाळूचा आजार आहे. इस्पितळात नेल्याशिवाय गाडी हलू देणार नाही.” वाळूचा आजार असं ती म्हणाली नव्हती. ते मी माझंच घातलं.

कुणी ओरडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. आचाऱ्यानं काडेपेटी परत खिशात ठेवली. माणसं होती तिथे पुन्हा बसली, आणि बसल्यावर एकजण खोकला. मग दुसरा. ब्लास्टिंगवरची सगळी माणसं पुढे बसली होती. मी तो आवाज त्याआधी एकेकट्याचा ऐकला होता, एकदम कधी नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं, घाम पुसला आणि ड्रायव्हरला इस्पितळाचं नाव सांगितलं.

त्याची किंमत सगळ्यांनी चुकवली. डोरीन आणि तिचा नवरा महिन्याभरात परत पाठवले गेले, त्याच बेचक्यातल्या गावी, कारण दुसरीकडे त्यांचं काही नव्हतंच. जाताना ती मला तिची लोखंडी कढई देऊन गेली. मी तिला पुरणयंत्र दिलं, तिनं त्याचं काय केलं असेल देव जाणे. आम्हाला घर सोडावं लागलं. उम्म सलाल मोहम्मदला एका शेताच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आलो, आप्पांना टाइमकीपरचं काम काढून स्टोअरमध्ये बसवलं. सांगायला जो आला तोही हातात टोपी घेऊनच आला होता. आप्पा त्यावरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. पण स्टोअरमधल्या मुखवट्यांच्या पेट्या त्यांच्या ताब्यात आल्या, आणि साहेब पाहणीला येवोत न येवोत, त्या रोज सकाळी उघड्या असायच्या. त्यासाठी त्यांना बोलणी बसली, तरी त्यांनी त्या बंद केल्या नाहीत. जेवताना मात्र ते खिडकीकडे शेवटपर्यंत बघत राहिले, त्या खोलीला खिडकी नव्हती तरी.

रंगनाथ इस्पितळात बरेच दिवस होता. छातीच्या फोटोत जे निघालं ते बघून तिथल्या डॉक्टरनं ब्लास्टिंगवरच्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. मी आईबरोबर त्याला भेटायला गेले. आईनं भाकरी नेली होती, आणि घरातला आमचा स्टीलचा पेला. उशा रचून त्याला बसवून ठेवलं होतं. मी मोठ्या माणसासारखी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “रंगनाथभाऊ, हा खोकला नेमका कधीपासून? कसा सुरू झाला?”

तो माझ्याकडे बघून हसला. मग एकेका शब्दाला थांबत म्हणाला:

“ताई, हे आदी इचारायचं व्हतं. आता सांगाया दम पुरत न्हाई.”